आठ थरांची खिडकी

आमच्या घरात मी 'नियमवाली बाई' म्हणून फेमस आहे. नोकरीच तशी आहे ना! बॉस्टनजवळच्या एका कंपनीत मी कम्प्लायन्समध्ये काम करते. म्हणजे दिवसभर लोकांना मेल टाकायचे, 'तुमच्या फॉर्ममधला रकाना नंबर सात रिकामा का?' मी येताना दिसले की कॉफी मशीनभोवतीची माणसं पटापट पांगतात. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेलच. तिच्यावर रागवू नका हो, तिला त्याचाच पगार मिळतो.

तर अशा या नियमवाल्या बाईने आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या कागदांवर सह्या केल्या आणि त्यातला एक कागद वाचलाच नाही. त्याची ही गोष्ट.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही घर घेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात. (लिहितात वॉर्सेस्टर, म्हणतात वुस्टर. पहिले सहा महिने मी चुकीचंच म्हणत होते.) बॉस्टनच्या किमती बघून निनादला चक्कर आली होती. इथे त्याच पैशात आख्खी बिल्डिंग मिळत होती. बिल्डिंग म्हणजे 'थ्री-डेकर'. लाकडाची, एकावर एक तीन सारखी बिऱ्हाडं, मागे-पुढे लाकडी गॅलऱ्या. अशा घरांसाठी हे गाव प्रसिद्धच आहे. आमचं 1912 साली बांधलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला थेट गिरगाव आठवलं. आमची चाळच ही, फक्त गॅलरीत वाळत घातलेले पापड नाहीत!

प्लॅन एकदम सेट होता. मधल्या मजल्यावर आपण राहायचं, खालचा आणि वरचा भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यात हप्ता काढायचा. ईशान तेव्हा चौदा महिन्यांचा होता.

सह्यांच्या दिवशी एजंटने कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यात एक नोटीस होती. 1978 च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, लहान मुलांना त्याचा धोका असतो, तुम्हाला तपासणी करून घ्यायला दहा दिवस मिळतात, वगैरे वगैरे. सोबत 'प्रोटेक्ट युवर फॅमिली फ्रॉम लेड इन युवर होम' नावाची पुस्तिका. विकणाऱ्याने हे सगळं देणं अमेरिकेत 1996 पासून सक्तीचं आहे. पण त्या घरावर आणखी चार जणांचा डोळा होता. एजंट म्हणाली, 'दहा दिवस मागितलेत तर घर जाईल. सगळे इथे सही करतात.' आम्ही दहा दिवस सोडले आणि सही केली. पुस्तिका कुठल्याशा ड्रॉवरमध्ये गेली.

खरं सांगू? शिसं म्हटलं की मला फक्त शिसपेन्सिल आठवायची. आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. इतपत माझं ज्ञान!

तिसऱ्या मजल्यावर अमा राहायची. मूळची घानाची, हॉस्पिटलात नर्स, चार वर्षांची मुलगी. घराबरोबर आम्हाला मिळालेली ती भाडेकरू. जानेवारीत ती खाली आली आणि म्हणाली, 'किचनच्या खिडकीचा रंग सुटतोय, पापुद्रे पडतात. जरा बघाल का?' बाहेर गुडघाभर बर्फ. निनाद म्हणाला, 'समरमध्ये करू ना सगळंच.' मीही मान डोलावली. हे वाक्य लक्षात ठेवा.

मे महिन्यात आई-बाबा आले. नातवासाठी सहा महिने. आठवड्याभरात बाबांनी घराचा ताबा घेतला. नळ, बिजागऱ्या, करकरणाऱ्या फळ्या. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतच असतात. त्यातून आमच्या खिडक्या! जुन्या पद्धतीच्या, लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या. रंगावर रंग चढून इतक्या घट्ट झालेल्या की उघडताना करकचून आवाज यायचा आणि खोबणीत भुसा सांडायचा.

निनादने दोन कोटेशनं मागवली. पहिला कॉन्ट्रॅक्टर सर्टिफाइड होता. आल्या आल्या त्याने आमच्या हातात आणखी एक पुस्तिका ठेवली, 'रिनोव्हेट राइट'. मग प्लास्टिक कसं अंथरणार, दारं कशी सील करणार, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम कसा लावणार हे अर्धा तास सांगितलं. आकडा ऐकून निनाद म्हणाला, 'प्लास्टिक अंथरायचे पैसे घेतोय हा!' दुसरा म्हणाला, 'दोन दिवस, कॅश, मशीनने घासून देतो.' तो मला जरा संशयास्पद वाटला. (नियमवाली बाई!)

तेवढ्यात बाबा म्हणाले, 'अरे, खिडक्याच घासायच्यात ना? मग मी आहे की! चाळीतली खोली दरवर्षी गणपतीआधी कोण रंगवायचं? पेंटर कधी बोलावलाय आपण?'

झालं. हार्डवेअरच्या दुकानातून घासायचं मशीन भाड्याने आलं. जूनमधले दोन वीकएंड आमच्या घरात नुसता सण होता. बाबा आणि निनाद डोक्याला रुमाल बांधून घासतायत, आई केर काढतेय, मी चहा करतेय. एका कोपऱ्यात बाबांनी पत्र्याने अलगद खरवडून थर मोजले. वरचा पांढरा, मग क्रीम, मग कसलासा पोपटी, परत पांढरा... एकूण आठ. 'बघ मनू, शंभर वर्षांचा इतिहास आहे हा!' ईशान त्याच खिडकीच्या कठड्यावर आपला लाल ट्रक चालवत होता. पांढऱ्या धुळीत चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. मी फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, 'आजोबांचा असिस्टंट'. बावीस लाइक्स.

तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही. का, ते सांगता येणार नाही.

ऑगस्टमध्ये ईशान दोन वर्षांचा झाला. या राज्यात प्रत्येक मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी करतात. वर्षाच्या आत एकदा, मग दोन आणि तीन वर्षांची झाल्यावर. पहिल्या वेळी आम्ही जुन्या अपार्टमेंटमध्ये होतो. रिपोर्ट इतका नॉर्मल होता की तो आकडाही माझ्या लक्षात नाही. या वेळचा आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही. आठ.

आठ म्हणजे डेसिलिटरमागे आठ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत 2021 पासून साडेतीनच्या वर गेलं की लक्ष द्यायचं असं ठरलंय. बोटातल्या थेंबाची टेस्ट कधी कधी चुकते, म्हणून शिरेतून रक्त घेऊन परत केली. तोच आकडा.

मग नर्सचा फोन आला. गोड आवाजात तिने प्रश्नांची यादी सुरू केली. बाळाच्या डोळ्यात काजळ घालता का? हळद भारतातून आणलेली आहे का? सिंदूर वापरता का? पितळेची भांडी? आयुर्वेदिक औषधं? माझं डोकंच सटकलं. म्हणजे आम्ही ब्राउन, म्हणून दोष आमच्या हळदीला? मी अगदी ताठ आवाजात उत्तरं दिली. (तिची यादी वेडगळ नव्हती, हे मला नंतर कळलं. पारंपरिक शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साइड! मारुतीच्या अंगावर ठीक आहे, बाळाच्या तोंडात नाही. आणि हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेटची भेसळ होते, हेही खरंच आहे.)

शेवटी तिने विचारलं, 'घर कधीचं आहे?'

'1912.'

'एवढ्यात काही रंगकाम?'

मी उत्तर द्यायच्या आधी माझ्या डोळ्यांपुढे त्या धुळीतल्या दोन रेघा आल्या.

त्या रात्री मी ड्रॉवरमधल्या दोन्ही पुस्तिका काढल्या आणि पहिल्यांदा वाचल्या. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर 'पोस्ट-इन्सिडन्ट रिव्ह्यू'. सगळं लिहिलेलं होतं हो, सोप्या इंग्रजीत, चित्रं काढून. मुलं रंगाचे तुकडे चघळतात म्हणून विषबाधा होते एवढंच मला वाटत होतं. खरा व्हिलन आहे धूळ. खिडकी वर-खाली करताना लाकडावर लाकूड घासतं, रंगाची भुकटी होते, ती कठड्यावर आणि जमिनीवर बसते. मूल रांगतं, खेळतं, हात तोंडात घालतं. आणि मोठ्यांच्या मानाने मुलांचं पोट शिसं कितीतरी जास्त शोषून घेतं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत साठतं. वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. बाहेरून काही दिसत नाही. ना ताप, ना रडारड. आमचा ईशान तर अगदी मजेत ट्रक फिरवत होता.

आणि असला रंग मशीनने कोरडा घासणं? हेपाचं धूळ-शोषक नसलेलं मशीन वापरायला ईपीएच्या नियमात सरळ बंदी आहे. 2010 पासून 1978 पूर्वीच्या घरात पैसे घेऊन काम करणारा माणूस सर्टिफाइड असावा लागतो. खोलीतला सहा चौरस फुटांपेक्षा जास्त रंग उखडला जाणार असेल की नियम लागू. खिडक्या बदलायच्या असतील तर तेवढीही सूट नाही. पण मालकाने स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम केलं, तर हा केंद्रीय नियम लागू होत नाही. म्हणजे आम्ही त्याच्या बाहेर होतो. फक्त धुळीला ते माहीत नव्हतं.

रात्री दोन वाजता माणूस काय काय वाचतो! 1904 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की तिथल्या आजारी मुलांच्या अंगात शिसं जातंय ते व्हरांड्याच्या कठड्यांच्या रंगातून. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, वापरण्याविरुद्ध करार केला. अमेरिकेने घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी घातली 1978 मध्ये. आमचं घर बांधलं गेलं तेव्हा ब्रिस्बेनची गोष्ट आठ वर्षं जुनी झाली होती. तरीही एकावर एक थर चढत गेले. झाकणारा, टिकणारा, चकचकीत रंग. कुणाला नको असतो?

मग सगळ्यात अवघड काम आलं. बाबांना कोण सांगणार?

निनाद म्हणाला, 'नकोच सांगायला. दोन महिन्यांनी जातीलच ते.' पण आमच्या घराच्या भिंती थ्री-डेकरच्या. सकाळी बाबा टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर ती पुस्तिका. आधी ते चिडले. 'काहीतरी फॅड आहे तुमच्या अमेरिकेचं! तुम्ही दोघं भावंडं त्याच चाळीत वाढलात. खिडकीचे गज चोखायचीस तू. काय झालं तुला?'

मी काही बोलले नाही. काय बोलणार? आम्हाला काही झालं नाही हे आम्हाला कसं कळणार, आमची टेस्टच कुणी केली नव्हती. हे मी मनात म्हटलं. पण बाबा हुशार आहेत, त्यांनी ते तोंडावर वाचलं. दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी जेवायच्या आधी त्यांनी ईशानला उचललं, बेसिनपाशी नेलं आणि साबण लावून त्याचे हात धुतले. एकेक बोट वेगळं. त्या दिवसापासून ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

आईने किचनची आघाडी घेतली. नर्सने सांगितलं होतं, कॅल्शियम आणि लोह भरपूर द्या, पोट रिकामं ठेवू नका, शिसं कमी शोषलं जातं. या आकड्याला औषध नसतं, रक्तातून शिसं काढायची ट्रीटमेंट 45 च्या पुढे. आई म्हणाली, 'एवढंच ना?' आणि बॅगेतून नाचणी आणि अळीव काढले. केरसुणी मात्र तिच्याकडून काढून घेतली. कोरडा केर बंद, ओलं पुसणं सुरू.

आता राहिली अमा.

इथला कायदा अगदी क्लिअर आहे. 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाचा धोका दूर करणं ही मालकाची जबाबदारी. मालक म्हणजे आम्ही. तिचं मूल आणि आमचं मूल, दोन्हींसाठी. खर्चाचा अंदाज काढला तर तीन मजल्यांचे मिळून छत्तीस हजार डॉलर. आमच्याकडे होते जेमतेम अकरा. एका ओळखीच्या घरमालकाने फोनवर सल्ला दिला, 'तिचं लीज संपतंय ना? रिन्यू करू नका. लहान मूल नसलेला भाडेकरू बघा, तिसऱ्या मजल्याचा खर्च वाचेल.' हेही बेकायदा आहे बरं का. शिशाच्या कारणावरून मुलं असलेल्या कुटुंबाला घर नाकारता येत नाही. पण कागदावर दुसरं कारण कुणीही लिहू शकतं.

त्या रात्री आम्ही दोघं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. मोह झाला. खोटं कशाला बोलू? दोन मिनिटं आम्ही दोघंही गप्प होतो आणि दोघंही तोच हिशेब करत होतो. मग निनाद म्हणाला, 'तिने जानेवारीतच सांगितलं होतं.'

मी वर गेले. अमाला सगळं सांगितलं. खिडक्या घासल्या तेही, ईशानचा आकडाही. ती नर्स आहे, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती एवढंच म्हणाली, 'मी तुम्हाला जानेवारीत सांगितलं होतं.' बास. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने मुलीची टेस्ट केली. साडेतीनच्या खाली. मी जिन्यात बसून रडले. मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, हे माहीत असूनही रडले.

पुढचं सगळं, माझ्या प्रोफेशनला साजेसं, रीतसर झालं. लायसन्सवाला इन्स्पेक्टर आला. त्याच्या हातात पिस्तुलासारखं एक्स-रे मशीन. ते भिंतीला टेकवलं की आतल्या सगळ्या थरांतलं मिळून शिसं किती ते दिसतं. चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम ही मर्यादा. छत साफ. भिंती बहुतेक साफ. खिडक्यांपाशी मशीनवर सतराचा आकडा आला. बाबा त्याच्या मागे मागे फिरून वहीत सगळं लिहून घेत होते.

ऑक्टोबरमध्ये काम सुरू झालं. आमच्या आणि अमाच्या मजल्यावर काम असेपर्यंत तिथे राहायची परवानगी नव्हती. आम्ही श्रूजबरीतल्या एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये नऊ दिवस काढले. पाच माणसं, एक बाथरूम, इमॅजिन करा! अमा आणि तिची मुलगी बहिणीकडे गेल्या, त्या दिवसांचं भाडं आम्ही घेतलं नाही. पांढऱ्या सूटमधल्या माणसांनी दारांना प्लास्टिकचे पडदे लावले, जुन्या खिडक्या अलगद काढून गुंडाळून नेल्या, दारांच्या कडा साफ केल्या, सगळं हेपा व्हॅक्यूमने ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं. मग परत व्हॅक्यूम. 'प्लास्टिक अंथरायचे पैसे घेतो' म्हणणारा निनाद काचेपलीकडून बघत होता. एकही शब्द बोलला नाही.

काम झालं की लगेच घरात जाता येत नाही. इन्स्पेक्टर ओल्या कागदाने जमीन आणि कठडे पुसून नमुने लॅबला पाठवतो. जमिनीच्या एका चौरस फुटावर किती शिसं म्हणजे धोका, ते ईपीएने 2001 मध्ये 40 मायक्रोग्रॅम ठरवलं होतं. 2019 मध्ये ते 10 वर आणलं आणि 2024 मध्ये नियम आणखी कडक केला. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना स्वच्छ दिसतं त्याला इथे काही किंमत नाही. आमच्या बेडरूमचा एक कठडा पहिल्या वेळी नापास झाला! परत धुतला, परत नमुना, मग पास.

पैशांचं म्हणाल, तर थोडी बचत, थोडं कर्ज. त्यातल्या त्यात नशीब असं की राज्याने नेमकं 2023 सालापासून अशा कामावरची टॅक्स सवलत दर घरामागे 1500 वरून 3000 डॉलर केली. तीन घरांचे नऊ हजार सुटले. नवी गाडी मात्र लांबली. अजून जुनीच चालवतोय.

शेवटी ते पत्र आलं. 'लेटर ऑफ फुल डीलेडिंग कम्प्लायन्स'. कम्प्लायन्स! आयुष्यभर मी लोकांना हा शब्द मेलवर पाठवत आले. स्वतःच्या नावाने तो पहिल्यांदा हातात पडला. मी ते पत्र फ्रिजवर लावलं, ईशानच्या रेघोट्यांच्या शेजारी.

ईशानचा आकडा हळूहळू उतरला. नोव्हेंबरमध्ये सहा. पुढच्या मार्चमध्ये चार. तिसऱ्या वाढदिवसाला तीन. आता तो शाळेत जातो, भरपूर बडबडतो आणि ट्रक सोडून डायनोसॉरच्या नादी लागलाय. पण कधी त्याला एखादा शब्द आठवला नाही, कधी तो वर्गात दंगा करून आला, की माझ्या पोटात खड्डा पडतो. मुलं विसरतात, मुलं दंगा करतात, सगळं नॉर्मल आहे. पण त्या आठने काय नेलं आणि काय नाही, हे मला कुणीही कधीही सांगू शकणार नाही. ते बरोबर घेऊनच जगायचं.

ऑफिसातही एक बदल झालाय. पूर्वी मी नुसतं लिहायचे, 'रकाना सात रिकामा आहे'. आता तो रकाना कशासाठी आहे तेही एका ओळीत लिहिते. लोक अजूनही कॉफी मशीनपासून पांगतात. पण रकाना भरतात.

2024 मध्ये गणपतीच्या आधी बाबांचा गिरगावातून फोन आला. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून रंगकाम काढलं होतं. भारतात 2016 साली नियम झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून घराच्या रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर आली, हे बाबांना आता पाठ आहे. 'पण तो नियम नव्या डब्याचा,' ते मला समजावून सांगत होते. 'खालच्या थरांना कोण विचारतंय? आपल्या खिडक्यांवर कधीपासूनचा ऑइल पेंट आहे, देव जाणे.'

मग त्यांनी काय केलं? पेंटरला सांगितलं, कोरडं घासायचं नाही. आधी पाणी मारायचं, वॉटर पेपरनेच घासायचं. खाली प्लास्टिक. तोंडाला धड मास्क. शेवटी केरसुणी नाही, ओलं फडकं, दोन बादल्या. पेंटर हसला. म्हणाला, 'काका, तीस वर्षं रंग मारतोय, असं कुणी सांगितलं नाही.' बाबा खुर्ची टाकून गॅलरीतच बसले. मजल्यावरची सगळी बारकी पोरं आमच्या खोलीत, आईच्या ताब्यात, दोन दिवस. नाचणीचे लाडू आणि कॅरम. खोलीत शिरायच्या आधी प्रत्येकाने हात दाखवायचे.

शेजारच्या सुनेने विचारलं म्हणे, 'काका, हा कुठला नवीन नियम? सोसायटीचा की म्युनिसिपालटीचा?'

'तुम्ही काय सांगितलंत?' मी विचारलं.

'सांगितलं, माझ्या नातवाचा आहे,' बाबा म्हणाले. 'बरं, ठेवतो. पेंटर कोरडं घासतोय वाटतं.'